अल्बर्टनं नेमकं काय केलं? एका चरित्राची चिकित्सा



सिनॉप्सिसचा पहिला मसुदा मॅडमना दिला, तेव्हा त्यातल्या प्रस्तावनेत माझं एक वाक्य होतं. ‘प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ साली लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीची स्थापना केली.’ माझा विषय सांडपाण्यातल्या रंगद्रव्यांचा. अशा प्रत्येक प्रबंधाची सुरुवात कृत्रिम रंगांच्या जन्मापासून होते. १८५६ साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग, मॉव्ह. पर्किन हा हॉफमनचा विद्यार्थी, हॉफमन या कॉलेजचा प्रमुख, आणि कॉलेज ‘काढलं’ राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्यानं. साखळी कशी छान जुळली होती!

मॅडमनी ‘केली’ या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘म्हणजे नेमकं काय केलं?’

मला उत्तर देता आलं नाही. वाक्य मी एका रिव्ह्यू पेपरमधून उचललं होतं, त्या पेपरनं दुसऱ्यातून. मग जरा हट्टानंच मी मागे मागे जात राहिले आणि शेवटी सर थिओडोर मार्टिन यांनी लिहिलेल्या अल्बर्टच्या पाच खंडी चरित्रापाशी येऊन पोचले. हे खंड १८७५ ते १८८० या काळात निघाले. आजची पोस्ट या चरित्राविषयी आहे. ते चांगलं की वाईट, एवढंच मला सांगायचं नाहीये. अशा पुस्तकातून पुरावा कसा वेगळा काढायचा, हे मला सांगायचंय. तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, तर लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना याचा उपयोग होईल.

हा माणूस कोण?

थोडक्यात पार्श्वभूमी. अल्बर्ट जर्मनीतल्या कोबुर्गचा राजपुत्र, जन्म १८१९. व्हिक्टोरिया त्याच वर्षीची, त्याची सख्खी मामे-आते बहीण. गंमत म्हणजे दोघांच्या जन्माच्या वेळी सुईणही एकच होती. तरुणपणी ब्रुसेल्समध्ये संख्याशास्त्रज्ञ केटले यांच्याकडे तो गणित शिकला, मग बॉन विद्यापीठात गेला. १० फेब्रुवारी १८४० ला लग्न झालं. नऊ मुलं झाली. १४ डिसेंबर १८६१ ला, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी तो गेला.

पण त्याचं पद कोणतं? इथंच घोळ आहे. राजाच्या बायकोला राणी म्हणतात, राणीच्या नवऱ्याला मात्र राजा म्हणत नाहीत. इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत त्याच्यासाठी ठरलेलं काम नव्हतं. सरकारनं त्याच्यासाठी वर्षाला ५०,००० पौंड मागितले, संसदेनं ३०,००० दिले. ‘प्रिन्स कॉन्सर्ट’ ही पदवीसुद्धा लग्नानंतर सतरा वर्षांनी, १८५७ साली मिळाली. आपल्याकडे घरजावयाची जी पंचाईत असते, तीच इथं, फक्त राजवाड्याच्या मापाची.

सुरुवातीला त्याला हात घालायला मिळाला तो घरकारभारात. राजवाड्यातल्या खिडकीची आतली बाजू एका खात्यानं पुसायची आणि बाहेरची दुसऱ्यानं. चुलीत लाकडं रचणारे एका खात्याचे, पेटवणारे दुसऱ्याचे. हा सावळा गोंधळ त्यानं निस्तरला. पुढे हळूहळू तो राणीचा खाजगी सचिवच झाला. मंत्र्यांचे कागद तो वाचायचा, उत्तराचा मसुदा तो करायचा आणि पत्र जायचं राणीच्या नावानं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. एकाचा मसुदा आणि दुसऱ्याची सही, हीच संशोधकाची खरी अडचण आहे. ज्याच्या कामाला पद नाही, त्याच्या कामाची नोंद त्याच्या नावावर होत नाही. मग नंतर कुणीतरी नोंद करायला बसतो, आणि तो कोण यावर सगळं ठरतं.

चरित्र कुणी लिहवून घेतलं?

अल्बर्टच्या बाबतीत नोंद करायला बसली ती त्याची विधवा पत्नी. १८६२ साली त्याच्या भाषणांचा संग्रह निघाला. १८६७ मध्ये राणीचे सचिव जनरल चार्ल्स ग्रे यांनी त्याच्या सुरुवातीच्या वर्षांचं चरित्र राणीच्या देखरेखीखाली तयार केलं. पुढचं मोठं काम मार्टिनकडे आलं. मार्टिन कवी, अनुवादक आणि वकील. राणीनं त्याला कागदपत्रं दिली आणि लिहून झालेला मजकूर वेळोवेळी वाचला. पाचवा खंड निघाला त्याच वर्षी, १८८० मध्ये, मार्टिनला सर ही पदवी मिळाली.

आता तुमच्या मनात आलं असेल, ‘मग हे पुस्तक बायस्ड आहे, सोडून द्या.’ मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. पण थांबा. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एक म्हणजे अल्बर्टची पत्रं आणि टिपणं, जी त्या त्या वेळी लिहिली गेली. दुसरी म्हणजे त्या कागदांभोवती मार्टिननं विणलेलं निवेदन, ज्यात अल्बर्ट कधी चुकत नाही, चिडत नाही, हरत नाही. पहिली गोष्ट म्हणजे डेटा, दुसरी म्हणजे डिस्कशन. पेपर वाचताना आपण रिझल्ट्सचा तक्ता आणि लेखकाचा निष्कर्ष वेगवेगळे तपासतो ना? इथंही तेच करायचं. फक्त एक भान हवं, की तक्त्यात कोणते आकडे घ्यायचे हेही लेखकानंच ठरवलंय. न छापलेली पत्रं आपल्याला या पुस्तकात दिसणार नाहीत.

माझ्या मते या पुस्तकाचा खरा दोष अतिस्तुती हा नाही. अतिस्तुती लगेच ओळखू येते, तिचं फारसं नुकसान होत नाही. दोष असा, की मार्टिन ‘अल्बर्टला वाटत होतं’, ‘अल्बर्टनं सुचवलं’ आणि ‘अल्बर्टमुळे झालं’ या तीन क्रियापदांतलं अंतर पुसून टाकतो. सुचवलेलं पान संपेपर्यंत घडवलेलं होऊन जातं. माझ्या ‘स्थापना केली’चं मूळ अशाच लिखाणात होतं.

आणि याची शिक्षा पुस्तकाला मिळालीसुद्धा. राणीला दाखवायचं होतं की माझ्या नवऱ्यानं देशासाठी किती कष्ट उपसले. १८७८ मध्ये ‘व्हेरॅक्स’ या टोपणनावानं लिहिणारे पत्रकार हेन्री डंकली यांनी तेच खंड वाचून उलटा प्रश्न विचारला. ज्याला कुणी निवडून दिलं नाही, तो माणूस राज्यकारभारात एवढा हात कसा घालत होता? हयातीतही त्याच्यावर हा संशय होताच. १८५४ च्या सुरुवातीला, क्रिमियन युद्धाच्या तोंडावर, अल्बर्टला देशद्रोहासाठी टॉवरमध्ये नेताहेत अशी अफवा उठली आणि लोक खरोखर बघायला जमले. म्हणजे कौतुक करणारे आणि आरोप करणारे दोघंही एकच गोष्ट धरून चालले होते, की सगळं तोच करत होता.

पुढे १९२१ साली लिटन स्ट्रेची यांनी व्हिक्टोरियाचं चरित्र लिहिलं आणि या निर्दोष पुतळ्याची चांगलीच फिरकी घेतली. पण स्ट्रेचीच्या तळटीपा बघा. तिथं पुन्हा पुन्हा कोण येतो? मार्टिनच! टीकाकाराचा सूर बदलला, पण विहीर तीच राहिली. दहा पेपर एकच गोष्ट सांगतात म्हणून ती दहादा सिद्ध होत नाही. दहाही जण एकाच पहिल्या पेपरवर उभे असू शकतात.

चार दावे, तीन प्रश्न

मॅडमच्या लाल गोलानंतर मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले. एक, त्या वेळचा कागद आहे का, की नंतरची आठवण? दोन, त्याच वेळी तेच काम आणखी कोण करत होतं? तीन, हा माणूस तिथं नसता तर काय झालं असतं? आता हे प्रश्न अल्बर्टविषयी सांगितल्या जाणाऱ्या चार गोष्टींना लावून बघू.

पहिली गोष्ट ख्रिसमस ट्रीची. इंग्लंडमध्ये ती अल्बर्टनं आणली, असं आजही सर्रास ऐकू येतं. दुसऱ्याच प्रश्नाला हा दावा कोसळतो. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिनं १८०० साली विंडसरला असं झाड सजवलं होतं. तीही जर्मन, आणि तीही राज्यकर्त्याची जोडीदारच! मग अल्बर्टचं नाव कसं चिकटलं? १८४८ च्या डिसेंबरमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं राजघराण्याचं झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि ती पद्धत घराघरांत गेली. म्हणजे प्रसाराचं श्रेय द्यायचं तर ते त्या कुटुंबाला आणि छापखान्याला. सुरुवातीचं श्रेय मात्र नाही. शोध लावणं आणि रुजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट केंब्रिजची. १८४७ मध्ये अल्बर्ट तिथं कुलपती झाला, तोही निवडणूक लढवून. अर्ल ऑफ पोविस विरोधात उभे होते आणि शंभरावर थोड्या मतांनी अल्बर्ट जिंकला. पुढच्याच वर्षी निसर्गविज्ञानाच्या ट्रायपॉस परीक्षेला मंजुरी मिळाली आणि १८५१ मध्ये पहिली परीक्षा झाली. चरित्रात हे ‘अल्बर्टच्या सुधारणा’ म्हणून वाचताना सरळ रेघ दिसते. पण ट्रिनिटीचे प्रमुख विल्यम ह्यूएल यांच्यासारखे आतले लोक या योजनेवर काम करत होते आणि विद्यापीठात बदलाची चर्चा आधीपासून होती. कुलपतीनं विचारपूस केली, वजन टाकलं, वेग वाढवला. ‘अल्बर्टच्या काळात आणि त्याच्या पाठिंब्यानं’ असं लिहा, चालेल. ‘अल्बर्टनं केलं’ असं लिहू नका.

तिसरी गोष्ट १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनाची, आणि इथं मात्र चित्र बदलतं. प्रदर्शनाची मूळ खटपट हेन्री कोल, फ्रान्सिस फुलर, जॉन स्कॉट रसेल या मंडळींची. काचेचा महाल जोसेफ पॅक्स्टनचा. साठ लाखांवर लोक येऊन गेले. अल्बर्ट आयोगाचा अध्यक्ष होता. तो नसता तर वर्तमानपत्रांच्या आणि संसदेच्या विरोधापुढे हे टिकलं असतं का, शंकाच आहे. पण पाठराखण मोजायची कशी? मोजता येईल असा कागद पुढे आहे. खर्च वजा जाता साधारण १,८६,००० पौंड उरले. ते वाटून टाका म्हणणारे पुष्कळ होते. १८५१ च्या ऑगस्टमध्ये, प्रदर्शन चालू असतानाच, अल्बर्टनं टिपण लिहिलं, की या पैशातून जमीन घ्यावी आणि विज्ञान व कला यांचा उद्योगाशी मेळ घालणाऱ्या संस्था तिथं उभ्या कराव्यात. पुढे सरकारी पैशाची भर पडली आणि साऊथ केन्सिंग्टनमधली ८७ एकर जागा घेतली गेली. आजची तिथली संग्रहालयं आणि इम्पीरियल कॉलेज याच जागेवर आहेत. इथं त्या वेळचा कागद आहे, पर्यायी सूचना काय होत्या ते माहीत आहे, आणि निर्णयाचा परिणाम डोळ्यांसमोर उभा आहे. तिन्ही प्रश्नांना हा दावा पुरून उरतो.

आपल्याला जवळची गोष्ट अशी, की त्याच आयोगानं १८९१ पासून संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १८९५ मध्ये रदरफोर्ड न्यूझीलंडहून केंब्रिजला आला तो यातल्याच एका शिष्यवृत्तीवर. आपले होमी भाभा केंब्रिजला होते, तेव्हा त्यांनाही या आयोगाची वरिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली होती. आता रदरफोर्डचं श्रेय अल्बर्टला द्यायचं का? अजिबात नाही. तो जाऊन तोवर तीस वर्षं झाली होती. पण उरलेला पैसा वाटून न टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांत तो पुढे होता, एवढं छातीठोकपणे म्हणता येतं. श्रेय छोटं झालं, पण पक्कं झालं.

चौथी गोष्ट मृत्यूपूर्वीची. १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन युद्धनौकेनं ट्रेंट ही ब्रिटिश टपालबोट अडवून दक्षिणेकडच्या राज्यांचे दोन दूत पकडले. ब्रिटिश मंत्रिमंडळाचा खलिता एवढा कडक होता, की युद्धच पेटायचं. आजारी अल्बर्टनं १ डिसेंबरला त्यात सौम्य बदल सुचवले. कप्तानानं हे वरच्या हुकमाशिवाय केलं असावं अशी आशा व्यक्त करून अमेरिकेला माघारीची वाट ठेवली. बदल मान्य झाले, दूत सुटले, युद्ध टळलं. कागद आहे, तारीख आहे, बदल कोणते तेही दिसतं. तरीही ‘अल्बर्टनं युद्ध टाळलं’ हे वाक्य माझ्या लेखी नापास. वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश राजदूत लायन्स यांनी संयम ठेवला, लिंकनच्या मंत्रिमंडळाला एका वेळी दोन युद्धं परवडणारी नव्हती. खलिता सौम्य झाला हा परिणाम त्याचा. युद्ध टळलं हा अनेकांचा.

श्रेयाबरोबर जबाबदारीही

या हिशेबात एक गोष्ट हमखास सुटते. यशाची यादी करताना आपण कर्तरी प्रयोग वापरतो आणि अडचणीचं काही आलं की कर्मणी. कोहिनूरचं बघा. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंहाकडून तो हिरा तहात घेतला गेला. १८५१ च्या प्रदर्शनात ठेवला, तर तो फारसा चमकेना, लोक नाराज झाले. मग १८५२ मध्ये तो नव्यानं पैलू पाडून घेतला गेला आणि सुमारे १८६ कॅरेटचा १०५.६ कॅरेटचा झाला. ‘घेतला गेला’, ‘पाडून घेतला गेला’. कुणी? पैलूंचं काम अल्बर्टच्या देखरेखीखाली झालं. प्रदर्शनाच्या यशात त्याचं नाव कर्ता म्हणून येत असेल, तर इथंही आलं पाहिजे. तुमच्या रिव्ह्यूमध्ये अशी क्रियापदं शोधा. ‘नमुने नष्ट झाले’ असं दिसलं, की विचारा, कुणी केले?

भायखळ्याचा पुतळा

हे सगळं डोक्यात घेऊन मी मुंबईत राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. आत अल्बर्टचा भलामोठा संगमरवरी पुतळा आहे, डेव्हिड ससून यांनी दिलेला. १८७२ मध्ये हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं, तेव्हा नावात व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट होते. अल्बर्टनं मुंबई कधी पाहिलीही नाही. पैसे उभे करायला झटले ते डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट, जॉर्ज बर्डवुड ही मंडळी. १९७५ मध्ये नाव बदललं आणि श्रेय एका नावावरून दुसऱ्या नावावर गेलं. मला हा बदल योग्य वाटतो. पण आपला दुसरा प्रश्न इथंही विचारावा लागतो. भाऊ दाजी एकटे होते का? पाटीवर एकच नाव मावतं. प्रबंधात जास्त मावतात, आणि तिथं जागा नाही ही सबब चालत नाही.

हे मी कुठल्या तोऱ्यानं सांगत नाहीये. माझा पहिला पेपर छापून आला, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतले काका तो बघायला आले. रात्री-अपरात्री यंत्र बंद पडलं की तेच धावून यायचे. त्यांनी शेवटचं पान उघडलं, आभाराचा परिच्छेद वाचला आणि ‘छान छापलंय’ म्हणून परत दिला. त्यांचं नाव त्यात नव्हतं. मी विसरले होते, बस्स. त्यांचंही काम पदाविना आणि दुसऱ्याच्या सहीनं चालणारं. फक्त त्यांच्यासाठी पाच खंड लिहवून घेणारं कुणी नाही. दुसऱ्या पेपरमध्ये त्यांचं नाव आहे, पण पहिला पेपर आता बदलता येत नाही.

तर मार्टिन वाचावा का?

वाचावा. पत्रं आणि टिपणं यांच्यासाठी वाचावा, निवेदन बाजूला ठेवून. २०१९ मध्ये अल्बर्टच्या द्विशताब्दीनिमित्त राजघराण्याच्या संग्रहातले त्याचे बरेच कागद ऑनलाइन आले आहेत, ते शेजारी उघडून बसा. मार्टिनचा अल्बर्ट सगळं करणारा आहे. कागदांतला अल्बर्ट त्याहून लहान, पण जास्त खरा आहे. बैठकीला तयारी करून येणारा, टिपण लिहिणारा, दुसऱ्याच्या मसुद्यातला एक शब्द बदलून मोठा फरक पाडणारा. मला हा दुसरा जास्त आवडला.

आणि माझं ते वाक्य? शोधल्यावर कळलं, की कॉलेजची कल्पना पुढे रेटली जॉन गार्डनर आणि जॉन लॉइड बुलक यांनी. नमुना होता गीसेनमधल्या लिबिगच्या प्रयोगशाळेचा. पैसे आले वर्गणीतून. अल्बर्ट अध्यक्ष झाला, आणि हॉफमनला प्रशियातली जागा न गमावता लंडनला येता यावं म्हणून त्यानं आपलं वजन खर्च केलं. सुधारलेलं वाक्य तीन ओळींचं झालं. प्रस्तावना लांबली म्हणून मी जरा घाबरतच ते मॅडमना दाखवलं. या वेळी गोल काढला नाही. फक्त बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बुलक कोण? पुढच्या मीटिंगला सांग.’

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या मसुद्यातलं ‘स्थापना केली’, ‘शोध लावला’ किंवा ‘सुरुवात केली’ असं एक वाक्य निवडा आणि तीन प्रश्न विचारून ते पुन्हा लिहा. आधीचं आणि नंतरचं वाक्य खाली कॉमेंटमध्ये टाका, बोलू त्यावर.